वाटे

सकाळी सहाला फलकावरचा आकडा बदलतो,
किंवा नाही बदलत. आज नाही बदलला.
नोझल लावण्याआधी मी म्हणते, "शून्य बघा,"
आणि लोक माझ्याकडे बघतात.

आगवणे मास्तर मात्र आकड्याकडेच बघतात.
दर गुरुवारी, जुनी स्कूटर, कायम शंभरचं.
शंभरात आता लिटरसुद्धा होत नाही
हे त्यांना माझ्यामुळेच झाल्यासारखं वाटतं.
"हर्षला, मला सांग," म्हणाले,
"या शंभरातले तेलाचे किती?"
आयुष्यभर वाणिज्य शिकवलेला माणूस.
उत्तर ठाऊक होतं, मला विचारायचं होतं इतकंच.

मागे कुणी नव्हतं. मी स्कूटरच्या सीटवर
बोटानं रेघा मारल्या,
बाबा मारायचा तशा, माहुलच्या बंदरावर, चिखलाशेजारी:
हा नावेचा, हा जाळ्याचा,
हा तांडेलाचा, हे खलाशांचे,
आणि बाजूला चार निवट्या, मांजरासाठी.

हा तेलाचा, मास्तर. सगळ्यात मोठा ढीग.
जहाजातून येतं, जवाहर द्वीपाला लागतं,
नळातून आमच्या खाडीखालून जातं.
भाव मात्र खाडीत ठरत नाही.
कुठल्या तरी आखातात कुणी शिंकलं
की इथे पदर सावरायचा.

हा दिल्लीचा. लिटरमागे ठरलेला.
भरती असो, ओहोटी असो,
दिल्लीची टोपली आधी भरायची.

हा आपल्या राज्याचा. हा टक्क्यानं.
म्हणजे तेलावर, दिल्लीवर, मालकाच्या कमिशनवरही,
आधी मांडलेल्या सगळ्या वाट्यांतून
परत एक मूठ.
"करावर कर," मास्तर म्हणाले, खूश होऊन,
जणू वर्गात कुणीतरी हात वर केला.

आणि हे वरचे काही रुपये, टक्क्याबाहेरचे.
"कशाचे?"
मॅनेजर सांगतात, एका दुष्काळात असंच काही लागलं होतं.
नंतर पाऊस पडला, धरणं भरली,
पाहुणा मात्र उठला नाही.
त्यानं फक्त नाव बदललं.

हा मालकाचा. यातून वीज,
मापावर शिक्का मारायला येणारा साहेब,
वाळूच्या लाल बादल्या, उन्हात उडून जाणारं पेट्रोल,
हवा भरणारा बिंदेश्वरी, आणि मी.
"तुझे किती?"
मी करंगळीचं टोक दाखवलं.
मासा साफ केल्यावर मनगटाला चिकटून राहतं ना,
खवलं. तेवढं.

मास्तर मागे वळून चिमण्यांकडे बघू लागले.
इथून स्पष्ट दिसतात, रात्री तर ज्योतसुद्धा.
"कारखाना तर हाकेवर आहे.
मग वाहतुकीचे पैसे कसले?"
फार नाहीत, मास्तर, पैशांतच असतात.
टँकर आमच्या दारावरून जातो, पहाटे दोनला,
फळीवरच्या पेल्या वाजतात.
आई झोपेतच हात लांब करून त्या धरते.

तिचा हात कुठल्या वाट्यात धरायचा
ते मला मांडता आलं नाही,
तेवढ्यात मागे रिक्षा आली. हॉर्न.
मी सीट पुसली. "शून्य बघा."
मास्तरांनी बघितलं.

रात्री काठी टाकून टाकी मोजली.
मीटर एक सांगतो, काठी दुसरं.
अठरा लिटर कमी. उडालं.
मॅनेजरनी वहीत लिहिलं, वैतागून:
उडालं त्याचाही कर आपण भरलेलाच असतो.

घरी जाताना वारा पश्चिमेचा होता,
माझ्या पाठीवर, माहुलच्या दिशेनं.
बाबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेला,
जे आता क्वचितच भिजतं.
मी लिंबानं हात चोळले, मग बेसनानं.
तो नाक वर करून म्हणाला,
"आज लय वास हाय गो."
मी म्हटलं, असू दे.
पैसे भरलेलेत त्याचे.